जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण नेट चालेना? मग आधी चिप ओळखा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घराघरांतले दहा-पंधरा वर्षांचे लॅपटॉप भंगारात काढायचे की लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून वापरायचे, असा प्रश्न बऱ्याच जणांपुढे आला. ज्यांनी मिंट किंवा डेबियन ही लिनक्सची तयार वितरणं टाकून पाहिली, त्यांचा अनुभव साधारण सारखाच असतो. स्क्रीन व्यवस्थित, आवाज व्यवस्थित, टचपॅड व्यवस्थित. फक्त कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह नाही. मग शोधाशोध सुरू होते, तीही लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावाने, आणि कुणाच्या तरी वेगळ्याच मशीनवर चाललेल्या कमांड आपल्या मशीनवर चिकटवल्या जातात.

लॅपटॉपच्या झाकणावर कोणाचं नाव आहे याच्याशी लिनक्सला काही देणंघेणं नसतं. त्याला आतली चिप कोणाची एवढंच कळतं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी वाय-फाय कार्डं निघणं अगदी नेहमीचं आहे. त्या वेळी जे स्वस्त मिळालं ते बसवलं, असा तो मामला. एकात इंटेल, दुसऱ्यात ब्रॉडकॉम, तिसऱ्यात अथेरॉस. म्हणून मित्राच्या "सेम टू सेम" लॅपटॉपवर जे चाललं ते तुमच्यावर चालेलच असं नाही.

तेव्हा पहिलं काम चिप ओळखायचं. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एल-एस-पी-सी-आय ही कमांड द्या आणि तिच्यापुढे जागा सोडून उणे चिन्ह व एन-एन-के ही अक्षरं जोडा. (कमांडची नावं या लेखात देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरायची आणि मी अक्षरांमध्ये टाकलेल्या रेघा गाळायच्या; पॅकेजांच्या, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यांच्या, नावांतल्या रेघा मात्र ठेवायच्या.) बरीच मोठी यादी येते. तिच्यातली 'नेटवर्क कंट्रोलर' आणि 'इथरनेट कंट्रोलर' (वायरीचं लॅन) ही दोन नावं शोधा. २००८ च्या आसपासच्या पुष्कळ लॅपटॉपांवर पहिल्या ओळीत काहीसं असं दिसेल:

०बी:००.० नेटवर्क कंट्रोलर: ब्रॉडकॉम बीसीएम४३१२ ८०२.११बी/जी एलपी-पीएचवाय [१४ई४:४३१५]

यातला कामाचा भाग म्हणजे शेवटचा चौकटी कंस. विसर्गचिन्हाच्या आधीचा आकडा कंपनीचा, नंतरचा त्या चिपचा. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, म्हणजे आपल्याच गाजलेल्या प्रोसेसरचा नंबर. हा आकडी पत्ता घेऊन शोधलंत तर मॉडेलच्या नावाने शोधण्यापेक्षा दहापट लवकर उत्तर सापडतं. कार्ड यूएसबीवर असेल तर एल-एस-यू-एस-बी ही कमांड तशाच जोडीचा आकडा दाखवते.

त्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ असते: 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज'. वरच्या ब्रॉडकॉमच्या बाबतीत तिथे 'बी४३-पीसीआय-ब्रिज' असं लिहिलेलं दिसतं. इथे भलेभले चकतात. ड्रायव्हर तर लागलाय म्हणतोय, मग वाय-फाय का नाही?

कारण ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला हुकूम देणारा प्रोग्रॅम, तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये असतो आणि तुमच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा प्रोग्रॅम मात्र कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरसाठी असतो. महागड्या कार्डांत ते कार्डावरच कायमचं भरून यायचं. पुढे खर्च वाचवायला कंपन्यांनी ती मेमरी काढून टाकली आणि दर वेळी मशीन सुरू झालं की ड्रायव्हरने डिस्कवरून फर्मवेअरची फाइल उचलून कार्डात भरायची, अशी व्यवस्था केली. ती फाइल डिस्कवर नसेल तर ड्रायव्हर हजर, कार्ड हजर, आणि तरी दोघंही गप्प.

हे खरंच असंच झालंय का, हे कर्नेलच्या नोंदींत कळतं. पुढे सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून डी-एम-ई-एस-जी द्या आणि फर्मवेअर हा शब्द शोधा. बीसीएम४३१२ वर तिथे स्वच्छ तक्रार असते: बी४३ या फोल्डरातली यूकोड१५.एफडब्ल्यू ही फाइल सापडली नाही. एवढी नेमकी चूक दाखवणारी दुसरी प्रणाली माझ्या पाहण्यात नाही. फक्त ती वाचायला टर्मिनल उघडावं लागतं, म्हणून बिचारीची दखल कुणी घेत नाही.

ब्रॉडकॉमचं दुखणं

आता ती फाइल लिनक्सबरोबरच का येत नाही? ब्रॉडकॉमने या जुन्या चिपांची माहिती लिनक्सवाल्यांना कधी दिली नाही. शेवटी काही जणांनी कंपनीच्याच ड्रायव्हरचा अभ्यास करून चिप कशी चालते याचा तपशील लिहून काढला आणि दुसऱ्या गटाने केवळ तो तपशील वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. कॉपीराइटचा झगडा नको म्हणून ही दोन गटांची वाटणी. तो ड्रायव्हर २००६ साली कर्नेल २.६.१७ मध्ये आला, आणि त्याचाच सुधारलेला अवतार बी४३ या नावाने २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ मध्ये. पण ड्रायव्हर नव्याने लिहिता आला तरी फर्मवेअर कंपनीचंच राहिलं, आणि ते वाटायची परवानगी नाही.

डेबियनने ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की बंदिस्त फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायचं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तसं ते मिळतं. त्यामुळे इंटेलवाल्यांचा वनवास संपला. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचा नाही. वाटायची मुभाच नाही म्हटल्यावर डेबियन तरी काय करणार? त्यावरची पळवाट मजेशीर आहे. 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' नावाचं पॅकेज टाकलं की ते नेटवरून ब्रॉडकॉमचा एक ड्रायव्हर उतरवून घेतं, त्यातून फर्मवेअरचा तुकडा कापून काढतं आणि योग्य फोल्डरात ठेवतं. वाटप कुणीच केलं नाही. जे केलं ते तुमच्या मशीनने तुमच्यासाठी केलं.

म्हणजे नेट चालू करायला आधी नेट हवं. घरात राउटर जवळ असेल तर लॅनची वायर लावा आणि मोकळे व्हा. नसेल तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. (वायर डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त वायरीवर तो पर्यायच उजळत नाही.) लिनक्सला फोन म्हणजे एक लॅनकार्डच दिसतं, त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून असतो आणि पाचेक सेकंदांत 'वायर्ड कनेक्शन' लागतं. बहुतेक फोनांत हे करताना फोन घरच्या वाय-फायवर ठेवता येतो, त्यामुळे मोबाइल डेटाही जळत नाही.

ब्रॉडकॉमसाठी दुसरा रस्ता म्हणजे कंपनीने स्वतः दिलेला बंदिस्त ड्रायव्हर, डब्ल्यूएल नावाचा. मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये एक टिचकी मारली की तो बसतो. पण तो आंधळेपणाने घेऊ नका. एक तर ४३०६ आणि ४३१८ यांसारख्या जास्त जुन्या चिपांना तो चालतच नाही. दुसरं, कंपनीने २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती काढलेली नाही. प्रत्येक नव्या कर्नेलशी तो जुळवून घ्यायचं काम वितरणं चालवणारी मंडळी ठिगळं लावून करतात, आणि एखाद्या अपडेटनंतर वाय-फाय गायब झालं की कारण बहुधा हेच असतं. २०१० साली ब्रॉडकॉमने एक खुला ड्रायव्हर दिला खरा, पण तो ४३१३, ४३२२४ अशा तेव्हाच्या नव्या चिपांपुरता. ४३१२ असेल तर मी बी४३ घेईन. आणि काहीही घ्या, दोन्ही एकत्र ठेवू नका. ते एकाच कार्डावर हक्क सांगतात आणि मग कोणाचंच चालत नाही.

इंटेलचं सरळ आहे. २००३ च्या सेंट्रिनोपासूनची कार्डं चालतात, २१०० आणि २२०० साठी आयपीडब्ल्यू घराण्याचे ड्रायव्हर, ३९४५ पासून पुढे आयडब्ल्यूएल घराण्याचे. फर्मवेअरचं पॅकेज असलं की झालं. अथेरॉसचं त्याहून सरळ: एटीएच५के आणि एटीएच९के यांना वेगळी फर्मवेअर फाइलच लागत नाही. जुन्या लॅपटॉपात १६८सी दिसलं तर निवांत व्हा.

सगळं बरोबर आहे तरी चालत नाही

फर्मवेअर आहे, ड्रायव्हर आहे, तरी 'वाय-फाय डिसेबल्ड' दिसतं? आर-एफ-किल लिस्ट ही कमांड द्या. तिथे दोन ओळी असतात, 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड'. सॉफ्टपुढे येस असेल तर आर-एफ-किल अनब्लॉक ऑल केल्यावर सुटतं. हार्डपुढे येस असेल तर जगातली कुठलीही कमांड उपयोगाची नाही. त्या काळच्या लॅपटॉपांना पुढच्या कडेला किंवा बाजूला वाय-फायचं एक खरंखुरं बटण असायचं, सरकवायचं. बॅगेत घालताना-काढताना ते सरकतं आणि माणूस आठवडाभर लिनक्सला शिव्या घालतो. बटण नसेल तर एफएन की धरून वरच्या रांगेतली अँटेनाचं चित्र असलेली की दाबा.

आणखी एक घोळ राउटरच्या बाजूचा. बी/जी, म्हणजे वरच्या ४३१२ सारख्या जुन्या पिढीच्या कार्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. फायबर कनेक्शनबरोबर आलेल्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झच चालू ठेवलं असेल तर जुन्या कार्डाला ते नाव दिसणारच नाही. २.४ वरही भारतात चॅनल १ ते १३ वापरता येतात, पण अमेरिकेसाठी बनलेली कार्डं ११ च्या पुढे बघत नाहीत. राउटर 'ऑटो'वर असताना १२ किंवा १३ वर गेला की शेजारच्यांचं वाय-फाय दिसतं आणि आपलंच नाही. चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्का करून टाका. सुरक्षेत 'फक्त डब्ल्यूपीए३' निवडलेलं असेल तर ते डब्ल्यूपीए२ वर आणा, कारण डब्ल्यूपीए३ ला लागणारी एक सोय या कार्डांकडे बहुधा नसते. जुन्या कार्डासाठी डब्ल्यूईपी चालू करायला कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. ते कुलूप काही मिनिटांत तुटतं.

लॅनकार्डाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रिअलटेक ८१३९, इंटेलचे ई१०० आणि ई१०००, मार्व्हेलचं युकॉन, ब्रॉडकॉमचंही लॅन (वाय-फायच्या अगदी उलट) सगळं कर्नेलमध्ये आहे आणि वायर लावली की चालतं. फक्त ईटीएच० असं नाव शोधत बसू नका. आता ते ईएनपी२एस० असं काहीतरी असतं: ईएन म्हणजे इथरनेट, पी२ म्हणजे पीसीआयचा (आतली कार्डं जोडायच्या मार्गाचा) दोन क्रमांकाचा बस, एस० म्हणजे त्यावरची शून्य क्रमांकाची जागा. वाय-फायचं नाव तसंच डब्ल्यूएलपी३एस० वगैरे.

मोडेम: टेलिफोनच्या भोकाची गोष्ट

जुन्या लॅपटॉपला लॅनच्या शेजारी त्याहून थोडं अरुंद असं दुसरं भोक असतं, टेलिफोनच्या वायरीचं. आता त्याचा उपयोग फॅक्स आणि हौस यांपुरताच, पण ते लिनक्सवर का चालत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

टेलिफोनची लाइन माणसाच्या आवाजासाठी बनलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज नेणारी. मोडेमचं काम म्हणजे शून्य-एकचं आवाजात रूपांतर करायचं आणि पलीकडून आलेल्या आवाजाचं पुन्हा शून्य-एकात. यात भरपूर गणित आहे: लाइनवरचा प्रतिध्वनी वजा करायचा, खरखर ओळखायची, वेग ठरवायचा. खऱ्या मोडेममध्ये हे गणित करायला स्वतंत्र चिप असायची. कॉम्प्युटरने त्याला एटी हे अक्षरद्वय पाठवलं की तो ओके म्हणायचा, एटीडीटी आणि पुढे नंबर दिला की डायल करायचा. कुठलीही प्रणाली असो, भाषा हीच.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपन्यांच्या लक्षात आलं की पेंटियम एवढा वेगवान झालाय, तर हे गणित त्यालाच करू दे. चिप काढून टाकली, उरला फक्त लाइनला जोडणारा भाग. किंमत घसरली आणि लॅपटॉपांत सरसकट हेच मोडेम आले. गणित करणारा सगळा प्रोग्रॅम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये गेला, म्हणून यांना विनमोडेम म्हणत. म्हणजे इथे ड्रायव्हर हाच मोडेम. तो नसेल तर उरतं ते टेलिफोनचं सॉकेट.

हा प्रोग्रॅम म्हणजे कंपनीची सगळी पुंजी, त्यामुळे तो कुणी उघडा केला नाही. ल्युसेंट, कोनेक्संट आणि स्मार्ट लिंक यांच्या चिपांसाठी अर्धे उघडे, अर्धे बंद ड्रायव्हर तेवढे मिळायचे. कोनेक्संटचा ड्रायव्हर लिनक्सअँट नावाची कंपनी विकायची. फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसवर अडवलेली, ५६ के हवं तर पैसे मोजा. स्मार्ट लिंकचा बंद भाग ३२ बिटांत बांधलेला, तो ६४ बिट लिनक्सवर तसाच बसवायला गेलं की खटपट सुरू. गंमत म्हणजे यातले बरेच मोडेम लिनक्सला साउंड कार्ड म्हणून दिसतात, कारण ते खरोखर तेच आहेत: आवाज काढायचा आणि ऐकायचा. इंटेलच्या जुन्या चिपसेटवर एसएनडी-इंटेल८एक्स०एम हा ड्रायव्हर लागतो आणि कधी कधी तो 'साउंड कार्ड क्रमांक शून्य' ही जागा बळकावतो. मग स्पीकर मुके होतात आणि माणूस भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसतो.

माझं मत स्पष्ट आहे: आतल्या विनमोडेमवर वेळ घालवू नका. डायल-अप किंवा फॅक्सची खरीच गरज असेल तर सीरियल पोर्टला लागणारा बाहेरचा जुना मोडेम शोधा. मिनिकॉम (मोडेमशी बोलायचा प्रोग्रॅम) उघडून एटी टाइप केल्यावर ओके आलं की तो खरा मोडेम. डायल टोन नाही म्हणून तो अडून बसत असेल तर आधी एटीएक्स३ द्या, म्हणजे टोनची वाट न बघता तो नंबर फिरवतो.

पीसीएमसीआयए कार्डांतही असाच भेद करावा लागतो. लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत जाणारी ही कार्डं दोन जातींची: जुनी १६ बिटची आणि नंतरची ३२ बिटची, जिला कार्डबस म्हणतात. कार्डबस कार्डाच्या तोंडाला छोट्या उंचवट्यांची सोनेरी पट्टी असते. ते एल-एस-पी-सी-आयच्या यादीत दिसतं आणि बाकीच्यांसारखंच वागतं. १६ बिटचं कार्ड त्या यादीत कधीच येत नाही, म्हणून ते मेलंय असं समजू नका. त्यासाठी पीसीएमसीआयएयूटिल्स हे पॅकेज आणि पीसीकार्डसीटीएल ही कमांड आहे. १६ बिटची लॅनकार्डं अजून हाताशी धरता येतील, वाय-फाय कार्डांचं मात्र अवघड. ओरिनोको आणि होस्टएपीसारखे त्यांचे ड्रायव्हर २०२४ साली कर्नेलमधून काढून टाकले गेले, त्यामुळे त्यांच्यासाठी जुन्या कर्नेलचं वितरणच लागेल.

सिम घालायचं यूएसबी डोंगल अजून अनेकांच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याची एक खोड माहीत असली की झालं. लावल्याबरोबर ते मोडेम म्हणून नाही तर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतं. त्या सीडीत विंडोजचा सेटअप असतो. तो बसला की ड्रायव्हर डोंगलला एक संदेश पाठवतो आणि मग ते मोडेमचं रूप घेतं. लिनक्सवर हा संदेश यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज पाठवतं. हुआवेच्या एका नेहमीच्या डोंगलचा आकडा एल-एस-यू-एस-बी मध्ये आधी १२डी१:१४४६ असतो आणि बदल झाला की १२डी१:१००१. तो बदललेला दिसला की नेटवर्कच्या मेनूतून 'मोबाइल ब्रॉडबँड' निवडायचं, एपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्याचं नाव, भरायचा (बीएसएनएलचा बीएसएनएलनेट), झालं. पण डोंगल थ्रीजीचं असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं जाळं पहिल्यापासून फोरजीचं आहे. आणि #७७७ डायल करणारी सीडीएमएची डोंगलं आता खेळण्यातलीच, ती सेवा भारतात केव्हाच बंद झाली.

काहीच जमत नसेल तर कार्ड बदला. पण आतलं कार्ड बदलण्याआधी एक सावधगिरी: जुन्या थिंकपॅड आणि एचपी मशीनच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की थिंकपॅड '१८०२' आणि एचपी '१०४' असा आकडा दाखवून सुरूच व्हायला नकार देतं. यात लिनक्सचा दोष नाही, विंडोजवरही तेच होईल.

त्यापेक्षा यूएसबी वाय-फायची छोटी काडी सोपी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घेताना इथेही खोक्यावरच्या नावापेक्षा आतली चिप विचारा. टीपी-लिंकची टीएल-डब्ल्यूएन७२२एन लिनक्सवाल्यांची लाडकी, पण ती पहिली आवृत्ती. तिच्यात अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, जिचं फर्मवेअरसुद्धा खुलं आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या, तशाच दिसणाऱ्या काडीत रिअलटेकची वेगळी चिप आली. आवृत्ती मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत छापलेली असते. दुकानदार "सगळ्या सारख्याच" म्हणाला तरी पैसे देण्याआधी ती पालथी करून बघा, किंवा काउंटरवरच लॅपटॉपला लावून एल-एस-यू-एस-बी चालवा.